प्रवाळाचा उजेड डोळ्यांनी मोजू नका

मे महिन्यातल्या एका दुपारी लातूरहून मेहुण्याचा फोन आला. "दाजी, अ‍ॅक्रोपोरा वरून पांढरा पडायलाय. लाइट कमी पडत असंल का?"

त्याच्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतलं हे फांद्याफांद्यांचं प्रवाळ. लाइट कितीवर ठेवलाय, मी विचारलं.

"आधी चाळीस टक्क्यांवर होता. टाकी अंधारी दिसायली म्हणून परवा शंभरवर केला."

उत्तर त्यानेच देऊन टाकलं होतं. हा मेहुणा लातूरच्या एका क्लासमध्ये नीटच्या पोरांना फिजिक्स शिकवतो. प्रकाशाचा व्यस्त वर्ग नियम (अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश) झोपेतून उठवला तरी फळ्यावर लिहील. पण घरच्या टाकीपुढे उभा राहून त्याने उजेड कशाने मोजला, तर डोळ्यांनी. मेच्या दुपारी बाहेरच्या उन्हातून माणूस घरात शिरला की त्याला कुठलीही टाकी अंधारीच दिसणार. डोळ्याची बाहुली तेव्हा आकसलेली असते. प्रवाळाला त्याचं काय?

मी जालन्याजवळ मिरचीची रोपवाटिका चालवतो आणि हौस म्हणून घरी खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी सांभाळतो. दोन्हीकडे रोजचा प्रश्न एकच असतो, पानापर्यंत उजेड पोचला किती. त्यामुळे हार्ड कोरलच्या दिव्याबद्दल विचारणारे आता बरेच जण आहेत. त्यांना तुकड्या-तुकड्यात जे सांगतो ते इथे एकत्र लिहितोय.

आधी प्रवाळ म्हणजे काय ते. दिसायला दगड, वाढायला झाडासारखं, पण आहे प्राणी. काही मिलिमीटरचे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. यातल्या टणक सांगाडा बांधणाऱ्यांना आपण हार्ड कोरल म्हणतो. त्यांच्या कातडीच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शेवाळ राहतं, एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात. आपल्याकडे शेत बटईने देतात तसाच हा व्यवहार आहे. जागा प्रवाळाची, खत म्हणून कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन प्रवाळाचा, राबायचं शेवाळाने. ते उजेडावर साखर बनवतं आणि बहुतेक मालकाला देऊन टाकतं. उथळ, लख्ख पाण्यातल्या काही जातींना लागणाऱ्या ऊर्जेतला नव्वद टक्क्यांपर्यंतचा वाटा या शेवाळाकडून येऊ शकतो. इतकी वाटणी देणारा बटईदार मी तरी आमच्या शिवारात पाहिलेला नाही. सांगाडा बांधायचा वेगही उजेडावर अवलंबून असतो, अंधारात तो बराच मंदावतो. म्हणून या टाकीवरचा दिवा शोभेचा नसतो. तो प्रवाळाच्या जेवणाचा दिवा असतो.

जाता जाता एक गोष्ट, कारण लोक हमखास विचारतात. मंगळासाठी अंगठीत घालतात ते लाल पोवळं या जातीतलं नव्हे. भूमध्य समुद्रातल्या त्या प्रवाळात शेवाळ नसतं, ते कपारींत आणि खोल अंधुक पाण्यात वाढतं. त्याला दिव्याची गरजच नाही.

दिव्याच्याही आधी कायदा. भारताच्या समुद्रातली सगळी हार्ड कोरल २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या किनाऱ्यावरून, कच्छच्या किंवा मन्नारच्या आखातातून काढून आणलेला तुकडा घेणं हा सरळ गुन्हा आहे. परदेशातून येणाऱ्या हार्ड कोरललाही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचे परवाने लागतात. २०२२ च्या दुरुस्तीने साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीचं बंधनही आणलं. विक्रेता "कागद नंतर देतो" म्हणाला तर आपण पैसेही नंतरच द्यावेत, आणि शंका असेल तर वन विभागात जाऊन आधी विचारावं. दिवा चुकला तर प्रवाळ जातं. कागद चुकले तर काय होईल ते वकिलाला विचारा.

आता दिव्याकडे. दुकानात पहिला आकडा कानावर पडतो तो वॅटचा. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो आणि त्यातला प्रवाळापर्यंत किती पोचतो, हे वॅट सांगत नाही. दुसरा आकडा लुमेन किंवा लक्स. हे दोन्ही माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेले आहेत. आपला डोळा हिरवट-पिवळ्या, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशाला सगळ्यात तल्लख असतो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश तितक्याच ताकदीने आला तरी डोळ्याला तो जेमतेम चार टक्के जाणवतो. आणि शेवाळ नेमका हाच निळा प्रकाश आवडीने खातं. म्हणजे जो दिवा आपल्याला मिणमिणता वाटतो तो प्रवाळासाठी पंचपक्वान्नांचं ताट असू शकतो. मेहुणा फसला तो इथेच.

मोजायचं असतं ते पार (PAR). ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड. पर्जन्यमापक आठवा. ढग किती काळा आहे यावरून तलाठी पाऊस लिहीत नाही, भांड्यात पडलेलं पाणी मोजतो. पार मीटरचंही तसंच. प्रकाशाचे कण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडले ते तो मोजतो आणि आकडा मायक्रोमोलमध्ये देतो. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो.

पावसासारखीच इथेही दोन मापं धरावी लागतात, जोर किती आणि दिवसभरात एकूण पडला किती. २०० मायक्रोमोलचा उजेड दहा तास ठेवला तर दिवसाची बेरीज ७.२ मोल होते. १५० वर दहा तास ठेवलं तर ५.४. जोर थोडा कमी असेल तर तास वाढवून बेरीज जुळवता येते, पण एका मर्यादेपर्यंतच. आठ ते दहा तास पुरे. चोवीस तास दिवा ठेवणारे महाभागही भेटले आहेत मला, त्यांच्या टाकीत काचेवरचं शेवाळ तेवढं खुशीत होतं.

कोणाला किती? युफिलिया, लोबोफिलिया, ट्रॅकीफिलिया अशी मोठ्या, मांसल तोंडांची कोरल साधारण ८० ते १५० मध्ये सुखी असतात. अ‍ॅक्रोपोरा, मॉन्टिपोरा, स्टायलोफोरा अशा बारीक तोंडांच्या कोरलना २०० ते ३५० लागतात. हे आकडे हौशी लोकांच्या अनुभवातून आलेले आहेत, दगडावरची रेघ नाही. नवीन माणसाने मोठ्या तोंडांच्या कोरलपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. अ‍ॅक्रोपोरा ही पहिल्या वर्षाची गोष्ट नव्हे, तुम्ही फिजिक्सचे सर असलात तरी.

"मग जास्त दिला तर काय बिघडलं, जास्त वाढेल ना?" हा पुढचा प्रश्न. त्याला मी साखर कारखान्याकडे नेतो. कारखान्याची गाळप क्षमता ठरलेली असते. ऊस कमी आला तर गाळप अर्धवट चालतं. ऊस वाढला तशी साखर वाढते, पण क्षमतेपर्यंतच. त्यापुढे कितीही ट्रॅक्टर आले तरी ते रांगेत उभे राहणार आणि ऊस वाळत पडणार. शेवाळाचंही असंच होतं. एका पातळीनंतर त्याला उजेड पचत नाही. फरक एवढाच की रांगेतला ऊस नुसता वाळतो, इथली न पचलेली ऊर्जा मात्र पेशीत घातक स्वरूपाचा ऑक्सिजन तयार करते आणि तो पेशीच जाळायला लागतो. मग प्रवाळ बटईदारालाच हाकलून देतं. शेवाळ गेलं की रंग जातो, पारदर्शक कातडीतून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. याला ब्लीचिंग म्हणतात. या अवस्थेत प्रवाळ मेलेलं नसतं, उपाशी असतं. शेवाळ परत वस्तीला आलं तर वाचतं.

यात उष्णता मिळाली की कारखान्याची क्षमता आणखी घसरते. जो उजेड २५ अंशांच्या पाण्यात पचत होता तोच ३० अंशांत बाधतो. समुद्रातही नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ पांढरी पडू लागतात. १९९८ मध्ये लक्षद्वीपला अशीच दाणादाण उडाली होती. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, घरातली टाकी चिलरशिवाय (पाणी गार करणाऱ्या यंत्राशिवाय) सहज ३१-३२ वर जाते. त्यामुळे आपल्याकडे दिव्याचा निर्णय तापमानापासून वेगळा काढताच येत नाही. मेहुण्याच्या टाकीत त्या दिवशी साडेएकोणतीस होतं. त्यात अडीचपट उजेड.

जुने हौशी लोक मेटल हॅलाइड या जुन्या, फार तापणाऱ्या दिव्याची आठवण फार काढतात. पाण्यात त्याची झिलमिल खरंच सुंदर पडते, मी नाकारत नाही. पण तीन फुटी टाकीवर दीडशे वॅटचे दोन हॅलाइड दहा तास लावले की दिवसाला तीन युनिट गेले, महिन्याला नव्वद. आणि ती सगळी उष्णता टाकीच्या डोक्यावर, म्हणजे चिलर आणखी पळणार. ऐंशी वॅटचे दोन एलईडी तेवढ्याच वेळात महिन्याला अठ्ठेचाळीस युनिट खातात आणि त्यांची बरीचशी उष्णता पंखा वरच्या वर उडवतो. टी-फाइव्ह नळ्या, म्हणजे बारीक ट्यूबलाइट, या दोन्हींच्या मधल्या. त्यांचा उजेड सारखा पसरतो, फांद्यांखाली काळी सावली पडत नाही, पण नऊ ते बारा महिन्यांत नळ्या बदलाव्या लागतात. बदलायला झालेली नळी डोळ्यांना ठणठणीत दिसते, आणि आपण फसतो.

मला हॅलाइड नको वाटण्याचं आणखी एक कारण आहे, पाणी. दिवा जितका तापतो तितकं बाष्पीभवन वाढतं. टाकीवर पंखा सोडला तर आपल्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं, कूलरचंच तत्त्व, पण तेही पाणी उडवूनच. हे उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने भरून काढावं लागतं आणि एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती आरओ दोन-तीन लिटर सहज बाहेर टाकतो. ज्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाने दिवा निवडताना हा हिशेब धरायलाच हवा. मेहुणा ते टाकाऊ पाणी फरशी पुसायला वापरतो, एवढं त्याच्या बाजूने सांगतो.

रंगाचं थोडक्यात. समुद्राचं पाणी लाल रंग आधी गिळतं, दहा मीटरवर तो जवळपास संपलेला असतो, निळा मात्र खोलवर जातो. म्हणून प्रवाळातलं शेवाळ निळ्यावर जगायला सरावलेलं आहे. एलईडीत निळ्याचा आणि किंचित जांभळ्याचा भर असावा, पांढरा आपल्याला बघवेल इतपत. हॅलाइड किंवा नळी घेणार असाल तर १४,००० ते २०,००० केल्विनची घ्या (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तितका उजेड निळा). घरात लावतो तो ६,५०० केल्विनचा दिवा प्रवाळाला मारत नाही, पण काचेवर शेवाळ धरतं आणि प्रवाळाच्या रंगांच्या नावाने आपण बोटं मोडतो. निळ्या उजेडात प्रवाळ हिरवी-केशरी चमकतात ती त्यांच्यातल्या चमकणाऱ्या प्रथिनांमुळे. पाहुण्यांना तेच बघायचं असतं.

आता मेहुण्याचा आवडता व्यस्त वर्ग नियम. टाकीतलं दीड फूट स्वच्छ पाणी उजेड फारसा खात नाही. उजेड पातळ होतो तो पसरल्यामुळे. दिवा पाण्यापासून २० सेंटिमीटर वर आहे असं धरा. वरचा दगड १५ सेंटिमीटर खोल, म्हणजे दिव्यापासून ३५. तळ ४५ सेंटिमीटर खोल, म्हणजे दिव्यापासून ६५. वरच्या दगडावर ३५० पडत असतील तर नियमाप्रमाणे तळाला शंभरेक उरतात. प्रत्यक्षात दिव्यातली भिंगं आणि काचेवरून परतणारा उजेड यामुळे फरक जरा कमी पडतो, पण अंदाज हाच. यातूनच मांडणी ठरते. अ‍ॅक्रोपोरा वर, मोठ्या तोंडाची कोरल खाली किंवा कडेला. एका टाकीत शेत आणि शेडनेट दोन्ही तयार मिळतं, फक्त कोणाला कुठे बसवायचं ते कळलं पाहिजे. दिवा चढवला तर उजेड पसरतो आणि कमी होतो, उतरवला तर मध्यभागी भट्टी आणि कडेला अंधार. तीन फुटी टाकीला एका झगझगीत दिव्यापेक्षा मध्यम ताकदीचे दोन केव्हाही बरे, सावल्या कमी पडतात. वरची काच आठवड्याला पुसा. तिच्यावर मिठाचा थर बसतो आणि आपल्या गावची धूळ त्यात भर घालते.

खिडकीतलं फुकटचं ऊन वापरावं का? पश्चिमेच्या खिडकीजवळ टाकी ठेवायचा विचारही करू नका. उजेड मोजता येत नाही, ऋतूप्रमाणे सरकतो आणि पाणी तापतं.

लोडशेडिंगची भीती मात्र लोकांनी उगाच घेतली आहे. दिवा चार तास बंद राहिला तर प्रवाळाला काही होत नाही, ढगाळ दिवस समुद्रातही असतात. पाण्याची हालचाल थांबली की मात्र ऑक्सिजन संपतो आणि काही तासांत जीव जायला लागतात. म्हणून इन्व्हर्टरवर आधी पंप. दिव्याला विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण लावलं की झालं.

मोजणीसाठी पाण्यात चालणारा पार मीटर लागतो. महाग असतो, चौघांनी मिळून एक घ्यावा. निळा उजेड कमी दाखवणारे जुने मीटर असतात, ते टाळा. मोबाइलची अ‍ॅप आणि लक्स मीटर निळ्या उजेडात भलतंच सांगतात. मोजताना मीटर प्रवाळाच्या जागी वर तोंड करून धरायचा, लाटांची झिलमिल असेल तर पाच-सहा आकडे घेऊन सरासरी काढायची. मीटर नसेलच तर दिवा निम्म्याहून कमीवर ठेवा आणि प्रवाळ वाचायला शिका. उजेड कमी पडला तर ते आठवड्या-आठवड्याने तपकिरी, मळकट होतं, कारण थोडका उजेड टिपायला आत शेवाळ वाढतं. जास्त झाला तर टोकं आणि वरची बाजू फिकी पडते, सावलीतली बाजू मात्र रंग धरून असते. हा सावलीचा पुरावा फार कामाचा. सगळीकडून सारखंच तपकिरी असेल तर नायट्रेट वाढलंय का बघा, सगळीकडून सारखंच फिकं असेल तर पाण्यात खाद्यद्रव्यं फारच कमी झालीत का बघा. दिव्याचा दोष शेवटी काढायचा.

आणि घाई. रोपवाटिकेत शेडनेटखालचं मिरचीचं रोप थेट रानात नेऊन लावलं तर दोन दिवसांत करपतं. आधी थोडं-थोडं ऊन दाखवून, पाणी तोडून ते कडक करतो. नव्या प्रवाळाला तेच. आणलं की तळाशी ठेवायचं, दोन आठवडे हलवायचं नाही, मग पायरी-पायरीने वर. दिवा बदलला किंवा जुन्या नळ्या काढून नव्या घातल्या तरी हेच, निम्म्यावरून सुरुवात आणि आठवड्याला पाच-दहा टक्के चढ. शेवाळ आपल्या पेशींची मांडणी नव्या उजेडाप्रमाणे बदलतं, त्याला आठवडे लागतात, दोन दिवस नाही. उजेड वाढवला की सांगाडा बांधायला लागणारा माल पण जास्त खपतो, तेव्हा पाण्याची क्षारता (अल्कलिनिटी, खारटपणा नव्हे; ती डीकेएच या एककात मोजतात) सातपासून नऊ डीकेएचमध्ये टिकतेय ना, हे तपासत राहा.

मेहुण्याला मी दिवा लगेच चाळीसवर आणायला सांगितला, प्रवाळ जागचं हलवू नको म्हणालो, आणि माझा पार मीटर एसटीने येणाऱ्या एका नातेवाइकासोबत पाठवून दिला. त्याने मोजलं. वरच्या दगडावर चाळीसवर १९० होते आणि शंभरवर पावणेपाचशे. चाळीसवरचा आकडा पहिल्यापासून ठीक होता. नुसता दिसत नव्हता.

दिवाळीला तो आला तेव्हा मोबाइलवर फोटो दाखवला. दोन फांद्या मेल्या, त्यांच्यावर हिरवा बुरसा धरलाय. बाकी बुंध्यापासून तपकिरी होत वर चढलेलं, टोकांना जांभळट कोंब. सोबत सराव परीक्षेच्या ओएमआर शीटच्या पाठीवर काढलेला टाकीचा नकाशा होता. प्रत्येक दगडापुढे पेनाने आकडा, तारीख, तापमान. आता तो लातूरच्या आणखी दोघांना हेच शिकवतोय म्हणे.

म्हणूनच माझा मीटर अजून परत आलेला नाही.